आतील सामानासह

१

शनिवारी सकाळी साडेनऊला निमिषने लोखंडी कपाट उघडलं आणि तो असा काही ओरडला, की फरशी पुसणाऱ्या रतनबाईंच्या हातून बादली कलंडली. वरचा कप्पा रिकामा होता.

आता त्या कप्प्यात अठरा वर्षं एकच वस्तू राहायची, लाल फडक्यात बांधलेली फाइल. बँकेतल्या मुदत ठेवींच्या पंचवीस पावत्या, एकेक पन्नास हजारांची. साडेबारा लाख रुपये! 'सांगाती रुग्णसेवा मंडळा'ची ही सगळी गंगाजळी. बाकी मंडळ म्हणजे काय, तर कासारवाडी स्टेशनच्या मागे दोन खोल्या आणि सहाशे चाळीस सभासद. सभासदाने वर्षाला तीनशे रुपये भरायचे आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं की खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, एअरबेड, ऑक्सिजनचं मशीन, जे लागेल ते फुकट न्यायचं. गरज संपली की आणून द्यायचं. वर्गणीत रोजचा खर्च कसाबसा भागतो. एखादं वर्ष वाईट गेलं तर दाराला टाळं लागू नये म्हणून ती गंगाजळी, आणि तिला हात लावायचा नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नेम.

अध्यक्ष श्याम दाबके पंधरा मिनिटांत धापा टाकत आले. त्यांनी कपाट आतून-बाहेरून पाहिलं, दोनदा ठोकून पाहिलं.

"कुलूप फोडलेलं नाही. किल्लीने उघडलंय. किल्ल्या दोनच, एक खजिनदार बाळाजीअण्णांच्या करगोट्याला. दुसरी माझी."

इथे ते जरा अडखळले. त्यांची किल्ली घरी विसरते म्हणून कॅलेंडरमागच्या खिळ्याला टांगलेली असते, हे मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि खोलीची किल्ली होती फक्त रतनबाईंकडे. सकाळी दार उघडणं, सामान पुसणं, देणं-घेणं, सगळं त्याच बघायच्या.

"मी न्हाई घेतली वो फाइल," रतनबाई कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या.

"आज दुसरा शनिवार, बँक बंद. उद्या दहाला वार्षिक सभा," दाबके म्हणाले. "तोवर फाइल मिळाली नाही तर मी चौकीत जाणार आणि रतनबाईंचं नाव देणार. माझाही इलाज नाही."

"नाव देणार! आणि पुरावा काय देणार? कॅलेंडर?" दारातून आवाज आला.

ही सुहासिनी टाकळकर. चाकणला गिअरच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं तपासणी विभागात काढलेली बाई. तिने 'रिजेक्ट' म्हटलेला माल साहेबाच्या बापालाही पास करून घेता आला नव्हता. निवृत्त झाल्यावर ती मंडळाच्या समितीवर आली होती आणि जीभ कारखान्यातलीच घेऊन आली होती.

"मला उद्या दहापर्यंत वेळ द्या, श्यामराव," ती म्हणाली. "बाईच्या आयुष्यभराच्या अब्रूचा प्रश्न आहे. एक दिवस काही जास्त नाही."

२

सुहासिनीने खुर्ची ओढली आणि आधी स्वतःशीच एक गोष्ट पक्की केली. पावती म्हणजे नोट नव्हे. पैसे काढायला अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सह्या लागतात. चोराला त्या कागदांवर वडापावसुद्धा मिळाला नसता. म्हणजे नेणाऱ्याला पैसे नको होते. मग काय हवं होतं?

पहिले दाबके. "मला विचाराल तर माझंच सगळ्यात जास्त नुकसान झालंय. पुनावळ्यात बघा, तीस-तीस मजली इमारती उठल्यात. बाविसाव्या मजल्यावर म्हातारे आईबाप, आणि खाट न्यायला यायचं कासारवाडीला! तिकडे एक गाळा बघून ठेवलाय. गंगाजळी मोडून तो घ्यायचा ठराव मी उद्या आणणार होतो. पावत्याच नाहीत तर ठराव कसला?"

"आणि उद्या एखादी साथ आली तर? गाळ्याचे दरवाजे विकून खर्च भागवणार?"

"पडून राहिलेला पैसा काय कामाचा, सुहासिनीताई?"

हा वाद दोन वर्षं चालला होता आणि दोन्ही बाजूंत तथ्य होतं, म्हणून तर तो संपत नव्हता. पण माणूस खरं बोलत होता, एवढं तिला कळलं.

मग निमिष. मारुंजीला भाड्याने राहणारा, हिंजवडीत नोकरी करणारा हा पोरगा यंदाच मंडळाचा चिटणीस झाला होता.

"काकू, दरवर्षी अण्णा फाइल मांडीवर घेऊन पावत्यांचे नंबर वाचतात आणि लोक टाळ्या वाजवतात. पावती कुणी बघतच नाही. मी म्हटलं, यंदा फोटो काढून पडद्यावर दाखवू. गुरुवारी ग्रुपवर मेसेज टाकला. आज फोटोच काढायला आलो होतो."

"हिशेबतपासनीस तरी बघत असतील ना?"

"ते अण्णांचे जुने दोस्त. 'तुम्ही आहात ना' म्हणतात आणि सही ठोकतात."

सुहासिनीने कपाळावर हात मारला. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर तिने त्याला दिवसभर गेटवर उभा केला असता. पण एक दुवा हाती आला होता. मेसेज गुरुवारी, आणि शनिवारी सकाळी फाइल गायब. कुणाला तरी त्या पावत्या पडद्यावर यायला नको होत्या.

शेवटी रतनबाई. परभणीकडून येऊन वीस वर्षं झाली, पण बोली तिकडचीच. डोळे पदराने पुसून पुसून लाल झाले होते.

"काल कोण कोण आलं होतं?"

"मशीन न्यायला दोघं. एक वॉकर परत द्यायला. संध्याकाळी हे निमिषदादा पडदा लावून बघायला आले. आन् दुपारी अण्णा. मी दार नुसतं लोटून जेवायला गेल्ते, आल्यावर बघते तर अण्णा एअरबेडची वळकटी खांद्यावर टाकून निघालेले. कामून नेला काय माहीत. घरात कुणी पडलं आसंल."

"अण्णांना फोन केला?" सुहासिनीने दाबक्यांना विचारलं.

"केला. फाइल गेली म्हणालो. 'उद्या सभेला येतो' एवढंच बोलले आणि ठेवला. धक्का बसलाय त्यांना."

सुहासिनीची नजर समोरच्या फळीवर गेली होती. एअरबेड फुगवायचे पंप तिथे ओळीने मांडलेले असतात. सगळेच्या सगळे जागेवर होते.

"रतनबाई," ती हळूच म्हणाली, "जावक वही आणा."

३

जावक वही ही बाळाजीअण्णांची देणगी. अण्णा मुंगसे चाकणपलीकडच्या गावचे, घरची शेती, आणि पस्तीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये स्टोअरकीपर. मंडळाची काठीसुद्धा नोंदीशिवाय उंबरा ओलांडायची नाही, हा त्यांचा दंडक. मागे एकदा स्वतःच्या पायाला लागलं, तर लंगडत येऊन आधी वहीत नोंद केली आणि मग वॉकर धरला.

शुक्रवारच्या पानावर त्यांचं अक्षर होतं. सुहासिनीने आधीच्या एअरबेडच्या नोंदी बोटाने वाचत नेल्या. 'एअरबेड १, पंपासह.' 'एअरबेड १, पंपासह.' सगळ्या तशाच. आणि कालची?

'एअरबेड १, आतील सामानासह. बाळाजी मुंगसे.'

तिला एकदम हसू आलं. अहो, वळकटीच्या आत कसलं आलंय सामान! पंपाशिवाय एअरबेड म्हणजे नुसतं रबरी पोतं, त्यात निजणार कोण? तिने अण्णांच्या घरी फोन लावला. सून वर्षाराणीने उचलला.

"आजारी? न्हाई वो ताई, समदी ठणठणीत हायेत. मामंजी तेवढे कालपास्नं जेवले न्हाईत नीट. वसरीवर बसून हायेत."

सुहासिनीने फोन ठेवला. कोणी नेली ते कळलं होतं. पण अण्णांनी का न्यावी? गाळ्याचा ठराव अडवायचा असता तर त्यांनी सभेत उभं राहून दाबक्यांची सालटी काढली असती, तेवढा घसा त्यांना होता. मग त्या पावत्यांत असं काय होतं, की ते सभासदांनी पाहू नये?

"कळलं काय, ताई?" रतनबाईंनी विचारलं.

"अर्धं," ती म्हणाली. "अर्ध्या तपासणीवर मी माल सोडत नाही."

४

दुसऱ्या खोलीत ऑक्सिजनची नऊ मशीनं असायची. आज तिथे तीन होती, बाकी सहा लोकांच्या घरी. सुहासिनी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. प्रत्येकाच्या मुठीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. दोन हिरव्या, एक लाल.

"ह्या चिठ्ठ्या कसल्या?"

"अण्णा बांधतात. आधी समद्या लालच होत्या. कधी दिवाळीला, कधी कांदा विकला की येतात आन् एखादी लाल काढून हिरवी बांधतात. आता तीनच लाल राहिल्यात. मी आपली म्हणते, दुरुस्तीचं काही आसंल."

सुहासिनी ताडकन उठली. दुरुस्तीचं कसलं! ही पद्धत तिने एकोणतीस वर्षं रोज पाहिली होती. स्टोअरमध्ये प्रत्येक सुट्या भागाचे दोन डबे असतात. एक रोजच्या वापराचा, दुसरा राखीव. राखीव डबा उघडायची वेळ आलीच, तर स्टोअरकीपर त्याला लाल चिठ्ठी लावतो. डबा पुन्हा भरला की हिरवी. लाल चिठ्ठी म्हणजे राखीव माल उचललाय, भरून द्यायचा आहे.

तिने लाल चिठ्ठीवरचा आकडा वाचला. २२१३.

तो आकडा तिला पाठ होता. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये शहरात खाट मिळत नव्हती, सिलिंडर मिळत नव्हता. तिचे यजमान, ज्यांना ती उभ्या जन्मात 'टाकळकर' अशीच हाक मारत आली, पलंगावर श्वासासाठी तडफडत होते. तेव्हा तोंडाला गमछा बांधून अण्णांनी हे मशीन टेम्पोतून आणलं आणि त्या वयात तीन जिने वर चढवलं. अकरा दिवस ती त्या मशीनसमोर बसून होती. डोळ्यांसमोर तेवढी एक चिठ्ठी. टाकळकर वाचले. आत्ता या घडीला ते घरी बसून क्रिकेट बघत असतील.

पण मंडळात सगळ्या वस्तू मोजून एकशे ऐंशी. मग हा दोन हजार दोनशे तेरावा नंबर आला कुठून?

तिने सभांच्या इतिवृत्ताची वही मागवली आणि उभ्याउभ्याच उघडली. दरवर्षीच्या पानावर तेच वाक्य होतं, 'खजिनदारांनी गंगाजळीच्या पावत्या क्रमांक २२०१ ते २२२५ वाचून दाखवल्या.' मशीनं दोन हजार एकवीसमध्ये आली होती. त्या वर्षीच्या पानावर लिहिलं होतं, 'एका हितचिंतकाकडून नऊ ऑक्सिजन मशीनं भेट.'

हितचिंतक वगैरे कुणी नव्हता. अण्णांनी पावत्या मोडल्या होत्या, आणि ज्या पावतीतून जे मशीन आलं तिचा नंबर त्या मशीनवर बांधला होता. बाहेर गेलेल्या सहा मशीनांचे नंबर जावक वहीत होते, सगळे मिळून २२०७ ते २२१५. चार वर्षं पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लोंबकळत होता.

सुहासिनी मटकन खुर्चीवर बसली. तोंड उघडलं तर ज्या माणसामुळे तिचं कुंकू राहिलं तो उद्या सभेत चोर ठरणार. मिटून बसली तर रतनबाई चौकीत.

"ताई, पाणी देऊ?" रतनबाई विचारत होत्या. त्यांच्याकडे तिला बघवेना.

५

दुपारी चारला ती चाकणच्या पुढे, अण्णांच्या वसरीवर होती. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. शेजारी एअरबेडची वळकटी, दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.

"आतील सामानासह," सुहासिनी म्हणाली. "अण्णा, चोरी करायची तर निदान नोंद तरी करू नये!"

अण्णांनी मान खाली घातली. "बिगरनोंदीचं कसं न्यायचं, ताई? हात धजला न्हाई."

"बावीसशे सात ते बावीसशे पंधरा. नऊ पावत्या. बरोबर?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. "व्हय."

मग ते बोलू लागले. पावती मोडायला कार्यकारिणीचा ठराव लागायचा, अकरा सह्या. त्या आठवड्यात अकरातले चार जण दवाखान्यात. अध्यक्ष होते आबाजी, त्यांनाही ताप भरलेला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आबाजींनी कोऱ्या अर्जांवर सह्या करून दिल्या आणि म्हणाले, अण्णा, लोक मरत्यात, काय करायचं ते कर. आबाजी परत आले नाहीत.

"त्ये असते तर त्येंनी सांगितलं असतं. म्या येकलाच राह्यलो. म्हनलं, सभेच्या आत भरून टाकू, कुनाला कळायचं बी न्हाई. पर साडेचार लाख कुठनं आनायचं? पेन्शन ती केवढी! कांद्याला भाव गावला त्या साली दोन पावत्या केल्या. आशा सा झाल्या. जुनं नंबर वाचून दावायचो. वाचताना जीभ जड व्हायची."

"आणि व्याज?"

"मोडल्या पावत्यांचं बी म्या रोखीनं भरलंय."

"अण्णा, मशीनं मंडळाचीच आहेत. पैसा तुमच्या घरी आला नाही. मग लपवलंत कशाला?"

"पहिल्या साली लाज वाटली. मंग लपवल्याची लाज वाटली."

सुहासिनीला त्यांचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एकदम. "तुम्हाला ठाऊक आहे, श्यामराव उद्या चौकीत कुणाचं नाव देणार आहेत? रतनबाईंचं."

अण्णा ताठ बसले. "रतनचं? तिचं काय म्हनून? सकाळी फोनवर फाइलीचंच बोलले त्ये!"

"खोलीची किल्ली तिच्याकडे ना!"

अण्णा भिंतीला धरून उठले, खुंटीवरची टोपी घेतली. "आत्ताच जाऊन सांगतो."

"बसा. आत्ता नको, उद्या सांगा. दरवर्षी जिथे नंबर वाचता तिथेच. मी सांगितलं तर ती चुगली होईल. तुम्ही सांगितलंत तर तो हिशेब होईल." ती उठली आणि उंबऱ्यात थांबली. "रतनबाईंना मात्र आज रात्री झोप लागली पाहिजे. त्यांना मी आत्ता फोन करतेय."

६

रविवारी दहाला शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. फाइल गेल्याची बातमी फुटली होती, त्यामुळे एरवी वर्गणीची पावती घ्यायलाही न येणारे लोक पहिल्या रांगेत बसले होते.

अण्णा खांद्यावर वळकटी घेऊन आत आले तेव्हा कुजबुज थांबली. त्यांनी टेबलावर वळकटी सोडली, आतून लाल फडकं काढलं आणि माइकसमोर उभे राहिले.

"पावत्या पंचवीस न्हाईत. बावीस हायेत. त्यातल्या सा नव्या. तीन म्या आजून भरलेल्या न्हाईत." आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, रडलेही नाहीत. "रतनबाईंचा ह्याच्यात केसाइतका संबंध न्हाई. ठराव म्या नंतर बी आनू शकत हुतो. न्हाई आनला. चार साल तुमास्नी खोटं नंबर वाचून दावलं. खजिनदारी सोडतो."

मागून कुणीतरी "हा तर विश्वासघात झाला" म्हणालं. दाबके उठले. चेहरा लालबुंद.

"झालाच! नियम नियम असतो. अण्णांचा राजीनामा मी मंजूर करतो." ते सभेकडे वळले. "पण चार वर्षांत ती फाइल उघडून बघायची बुद्धी आपल्यापैकी एकालाही झाली नाही. मलाही नाही."

तेवढ्यात निमिषने पडदा चालू केला. पावत्यांचे फोटो नव्हतेच त्याच्याकडे. रात्रभर बसून त्याने जावक वहीतून एक यादी केली होती, तीच लावली. नऊ मशीनं, चार वर्षं, तीनशे सतरा घरं. नावं पडद्यावर सरकत राहिली. सभागृहातले लोक आपापलं नाव शोधू लागले. कुणी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. एका बाईने चष्मा काढून डोळे पुसले.

तिसऱ्या रांगेत टाकळकर उभे राहिले. घरातून निघताना सुहासिनीने त्यांना काही शिकवलेलं नव्हतं, शप्पथ.

"बावीसशे तेरा नंबरची पावती माझ्याकडून," ते म्हणाले. "मी तिच्यावर अकरा दिवस श्वास घेतलाय."

उरलेल्या दोन पावत्यांचे पैसे जमायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लोक पाचशे, हजार, दोन हजार सांगत गेले. पुनावळ्याच्या एका गृहस्थांनी तर एक अख्खी पावती उचलली. मग दाबक्यांनी गाळ्याचा ठराव मागे घेतला आणि गाळ्यासाठी वेगळा निधी उघडला. त्याच दमात दुसरा ठराव मांडला: संकटात गंगाजळी उघडता येईल, पण दोन सह्यांनी, आणि लाल चिठ्ठी त्याच दिवशी दाराबाहेरच्या फळ्यावर लावून. तीन वर्षांत भरून हिरवी करायची. सगळे हात वर गेले. अण्णांचा हात सगळ्यात आधी.

"आणि कपाटाची दुसरी किल्ली," दाबके म्हणाले, "कॅलेंडरमागे राहणार नाही. ती रतनबाईंनी सांभाळावी."

रतनबाई जागेवरून हलल्या नाहीत. "घीन की. पण आधी माझी माफी मागा. माइकवर मागा. नाव घेणार होते तेही मोठ्यानंच घेणार होते ना?"

सभागृहात हशा पिकला. दाबक्यांनी हात जोडून माइकवर माफी मागितली, आणि मनापासून मागितली.

दुपारी मंडळाच्या खोलीत अण्णा वळकटी परत द्यायला आले. रतनबाईंनी हाती आलेल्या किल्लीने कपाट उघडलं, अण्णांकडून फाइल घेतली आणि एकेक पावती मोजली. बावीस. मग एअरबेड उलगडून पाहिला, कुठे फाटला नाही ना. जावक वही पुढे ओढून त्या शब्द जुळवत, सावकाश लिहू लागल्या. सुहासिनी दारात उभी राहून बघत होती.

'एअरबेड १, आतील सामानासह, परत मिळाला.'

"सही करा, अण्णा," रतनबाई वही फिरवत म्हणाल्या. "नेम म्हंजी नेम."

अण्णांनी चष्मा लावला, नोंद दोनदा वाचली आणि सही केली.